डाग हळदीचा, धास्ती डिपॉझिटची

कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स या परिसरातल्या मराठी घरात शिरल्यावर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे दाराशी काढलेल्या चपला-बुटांचा ढीग आणि दुसरी म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेले फिकट, दुधी रंगाचे कार्पेट. पहिली गोष्ट आपण भारतातून आणली, दुसरी घराबरोबर पदरात पडली. वरण, आमटी, लोणचे, चहा आणि हळदीकुंकू यांचा विचार करून हे कार्पेट कोणी विणलेले नाही, हे उघड आहे. त्यामुळे पंगतीत एखादी वाटी कलंडली की घरात धावपळ सुरू होते. कोणी पाणी आणतो, कोणी ब्रश आणतो, कोणी सिंकखालची सगळ्यात उग्र वासाची बाटली घेऊन येतो. ज्याच्या हातून सांडले तो पाहुणा बिचारा "राहू द्या हो, मी पुसतो" म्हणत ओशाळा होऊन उभा राहतो.

या विषयावर आरोग्य आणि अर्थ या सदरात लिहिण्याचे कारण असे की, कार्पेटच्या डागात या दोन्ही बाबी गुंतलेल्या आहेत. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. कार्पेटवर पडलेल्या डागाने फारसे नुकसान होत नाही. तो काढण्यासाठी आपण घाबरून जे करतो त्याने नुकसान होते. ते कार्पेटचे होते, खिशाचे होते आणि कधी कधी घरातल्या रांगत्या मुलाचेही होते. ही भीती बऱ्याच अंशी अज्ञानातून आलेली आहे आणि थोड्या माहितीने ती जाऊ शकते.

मोरी नसलेली जमीन

आपली स्वच्छतेची कल्पना शहाबादी फरशीवर तयार झालेली आहे. सांडले की बादलीभर पाणी ओतायचे, खराट्याने खसाखसा घासायचे आणि सगळे मोरीकडे लोटून द्यायचे. फरशीसाठी ही पद्धत उत्तम आहे. कार्पेटला मात्र मोरी नसते. वर तंतू, त्याखाली ते धरून ठेवणारे कापड, त्याखाली स्पंजासारखी गादी आणि तिच्याखाली लाकडी फळ्या किंवा काँक्रीट, अशी त्याची रचना असते. वर ओतलेले पाणी डाग घेऊन खाली उतरते आणि गादीत जाऊन बसते. वरून डाग गेल्यासारखा वाटतो, पण कार्पेट वाळू लागले की ओल तंतूंवाटे वर चढते आणि आपल्याबरोबर डागही वर आणते. "कालच काढला होता, आज परत कसा आला?" या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

त्यात नॉर्थ कॅरोलायनाचा उन्हाळा दमट. ओल चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळली नाही, तर बुरशी धरू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, सांगणे आहे. घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा रुग्ण असेल, तर डागापेक्षा ही बुरशी कितीतरी महाग पडते. म्हणून पहिला नियम असा की, घासायचे नाही आणि ओतायचे नाही, टिपायचे. शाळेत शाई सांडल्यावर आपण टीपकागद वापरत होतो, त्याच हाताने. पांढरा, रंग न जाणारा कपडा घ्यावा, डागाच्या कडेकडून मध्याकडे यावे आणि कपड्याची ओली बाजू सारखी बदलत राहावे. वरण किंवा भाजीसारखे घट्ट काही सांडले असेल, तर आधी ते चमच्याने उचलून घ्यावे. त्यानंतर पंखा लावावा आणि एअर कंडिशनिंग चालू ठेवावे. पावसाळी हवेत खिडक्या उघड्या ठेवून फायदा होत नाही.

हळदीचे कुंकू होते, हे विसरू नका

दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांवरच्या सूचना कॉफी, वाइन, चिखल आणि कुत्र्यामांजरांचे डाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. हळद त्यात क्वचितच असते. आणि हळद हा साधा डाग नसून तो रंगच आहे. शेकडो वर्षे आपल्याकडे तिने कापड रंगवले जात होते. तिच्यातले पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून फोडणीच्या तेलाबरोबर ते तंतूंत खोल जाते आणि नुसत्या पाण्याला दाद देत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या आज्या जाणत होत्या. पारंपरिक कुंकू हे हळदीवर चुना किंवा टाकणखार यांची क्रिया करून बनवत. पिवळी हळद क्षाराच्या संगतीने लाल होते. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक दिसू लागतो, हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला आहे. आता असे पाहा की, अमोनिया, धुण्याचा सोडा, बोरॅक्स (म्हणजे आपला टाकणखारच) आणि कार्पेट धुणाऱ्या व्यावसायिकांची पहिली फवारणी, हे सगळे बहुधा क्षारधर्मी असतात. हळदीच्या डागावर त्यांचा मारा केला, तर दिवाणखान्यात कुंकवाचा सडा पडल्यासारखे दिसते आणि घरातले सगळे आणखी घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यात भिजवलेल्या कपड्याने टिपले की लाली बरीचशी उतरून पुन्हा पिवळेपणा येतो. बाहेरून माणूस बोलावलात, तर "ही हळद आहे, क्षाराचे औषध आधी मारू नका" असे त्याला काम सुरू होण्यापूर्वीच बजावून सांगावे.

हळदीचा डाग काढण्याचा क्रम असा ठेवावा. प्रत्येक वस्तू आधी कपाटातल्या कोपऱ्यात, जिथे कोणाचे लक्ष जात नाही अशा जागी, लावून पाहावी. कार्पेटचा रंग उतरला नाही, तरच पुढे जावे.

प्रथम वरवरचे उचलून कोरडे टिपावे. तेल असेल, तर त्यावर कॉर्नस्टार्च भुरभुरून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे आणि मग व्हॅक्यूम करावे. पुष्कळजण येथे बेकिंग सोडा वापरतात. तोही तेल शोषतो, पण तो क्षारधर्मी असल्याने फोडणीच्या तेलावर नको. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा साधे, रंग नसलेले भांडी घासण्याचे पातळ साबण घालून त्या पाण्याने टिपावे आणि मग साध्या पाण्याने टिपून साबण काढून टाकावा. कढत पाणी वापरू नये; उष्णतेने रंग पक्का बसतो. साबणही जास्त घेऊ नये. मागे राहिलेला साबण चिकट होऊन धूळ ओढतो आणि महिन्याभराने तेथे काळपट वर्तुळ दिसू लागते.

एवढ्याने पिवळी छटा उरली, तर औषधांच्या दुकानात तपकिरी बाटलीत मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड कपड्यावर घेऊन लावावे, तासभर थांबावे आणि टिपावे. एकदोनदा असे करावे लागते. पेरॉक्साइडचे शेवटी पाणी आणि प्राणवायू होतात, हा त्याचा मोठा गुण. गडद रंगाच्या किंवा लोकरीच्या गालिचावर मात्र ते न वापरलेले बरे. त्यातूनही काही फिकट छटा राहिली, तर पडदा उघडा ठेवावा आणि ऊन येऊ द्यावे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आई हळद लागलेला कपडा धुऊन उन्हात घालत असे, ते याचसाठी. काचेतून येणाऱ्या उन्हाने काम सावकाश होते, पण फुकट होते आणि त्याने कोणाला अपाय होत नाही.

क्लोरीन ब्लीचची बाटली मात्र कार्पेटजवळ आणू नये. नायलॉनच्या तंतूंचा रंग ती कायमचा घालवते, लोकरीचे तंतू तर विरघळवते. पिवळा डाग कधीतरी निघू शकतो. ब्लीचने पडलेला पांढरा ठिपका धुऊन निघत नाही. कार्पेट तरी बदलावे लागते, नाहीतर ठिगळ लावावे लागते.

बाकीची मंडळी

चहा आणि कॉफीला टिपल्यानंतर वर सांगितलेले व्हिनेगरचे पाणी चालते. क्षार लावला तर तो डागही तपकिरी होऊन बसतो. विड्यातल्या काताचे तसेच आहे. रक्त सांडले तर थंड पाणी, गरम कधीही नाही. दूध, उलटी किंवा लहान मुलाची शी-शू यांना एन्झाइम असलेले क्लीनर घ्यावे. ते वास मुळापासून काढते. निरांजनातले तूप किंवा मेणबत्तीचे मेण यावर प्लॅस्टिकच्या पिशवीतून बर्फ ठेवावा आणि ते घट्ट झाले की बोथट सुरीने खरवडावे. रांगोळी आणि कुंकू कोरडे असताना त्यावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. आधी व्हॅक्यूमच्या नुसत्या नळीने अलगद ओढून घ्यावे. आजचे बाजारी कुंकू पुष्कळदा कृत्रिम रंगाचे असते आणि भिजले की नायलॉनमध्ये पक्के बसते. मेंदीने तर हात रंगतात त्याच गुणाने लोकर आणि नायलॉनही रंगते. हळदीकुंकू किंवा मेंदीचा बेत असेल, तर जमिनीवर जुनी चादर किंवा चटई अंथरणे हाच खरा उपाय. यात कमीपणा कसला? आपल्याकडे सतरंजी त्यासाठीच होती.

बाटल्यांचे लग्न लावू नका

आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आता येतो. एका बाटलीने डाग निघाला नाही की दुसरी, दुसरीने नाही की तिसरी, असा प्रकार घरोघरी होतो. एकेकटे बरे असलेले पदार्थ एकत्र आले की विषारी होऊ शकतात. ब्लीच आणि अमोनिया यांच्या संगतीतून क्लोरामाइन नावाचे विषारी वायू निघतात. ब्लीच आणि व्हिनेगर यांतून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि रबिंग अल्कोहोल हेही एकत्र आणू नये. लहान मुलाच्या लघवीतही अमोनिया तयार होतो, त्यामुळे तेथे ब्लीच ओतणे दुहेरी चूक आहे. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एकाच बाटलीत मिसळले, तर डोळे आणि घसा जाळणारे आम्ल तयार होते. म्हणून एक वस्तू वापरल्यावर ती पाण्याने टिपून काढल्याशिवाय दुसरी लावू नये आणि उरलेले मिश्रण साठवून ठेवू नये.

दुसरी सवय रिकाम्या बाटल्यांची. फिनाइल, रॉकेल सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची आपली जुनी पद्धत येथे सोडून द्यावी. मूळ बाटली, मूळ लेबल आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा, एवढे पथ्य पाळावे. कोणी काही गिळले, डोळ्यांत उडाले किंवा वास घेऊन खोकल्याची उबळ आली, तर पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक देशभर, दिवसरात्र, विनामूल्य चालतो. इंग्रजी बोलण्याची अडचण असेल, तर दुभाषा मागता येतो. श्वास लागत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर सरळ ९११. हे दोन्ही क्रमांक भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी मोठ्या मराठी अंकांत फ्रिजवर लावून ठेवावेत.

तेलकट डागावर पेट्रोल किंवा थिनर लावण्याचा सल्लाही अजून ऐकू येतो. या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत पसरतात आणि गॅसच्या वॉटर हीटरच्या ज्योतीपर्यंत पोचल्या तर भडका उडतो. तसला सल्ला देणाऱ्याला चहा पाजावा आणि विषय बदलावा.

रासायनिक द्रावकांची कथा आपल्या राज्याला चांगलीच ठाऊक आहे. किनाऱ्याजवळच्या जॅक्सनव्हिल येथील कॅम्प लेज्यून या मरीन सैनिकांच्या तळावर १९५३ ते १९८७ या काळात पिण्याच्या पाण्यात विषारी द्रावके मिसळलेली होती. त्यातले एक पर्क्लोरोएथिलीन, म्हणजे ड्रायक्लीनिंगचे द्रावक. ते तळाबाहेरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून जमिनीत मुरले होते. तेथे राहिलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना दावा करता यावा म्हणून २०२२ साली काँग्रेसला स्वतंत्र कायदा करावा लागला. हेच द्रावक अनेक वर्षे घरगुती डाग काढण्याच्या फवाऱ्यांतही वापरले जात होते. ईपीएने डिसेंबर २०२४ मध्ये ग्राहकांसाठीच्या त्याच्या वापरावर बंदी घालणारा नियम केला. गराजमध्ये वर्षानुवर्षे पडलेले जुने स्पॉट रिमूव्हर असतील, तर ते वापरू नका आणि नालीत ओतूही नका. वेक काउंटीची घरगुती घातक कचरा घेणारी केंद्रे आहेत, त्यातले एक एपेक्समध्ये आहे. तेथे नेऊन द्या.

नालीचे सांगितले ते सहज नाही. रस्त्याकडेच्या जाळीत ओतलेले कार्पेटचे घाण पाणी कोणत्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही, ते थेट ओढ्यात जाते. कॅरीचा काही भाग न्यूस नदीच्या खोऱ्यात आणि काही केप फिअरच्या खोऱ्यात येतो. या दुसऱ्या खोऱ्यातल्या जॉर्डन लेकचे पाणी शुद्ध होऊन आपल्या नळाला येते. म्हणून भाड्याच्या यंत्रातले घाण पाणी घरातल्या संडासात ओतावे.

हाच मुद्दा डाग न पडू देणाऱ्या संरक्षक फवाऱ्यांना लागू आहे. १९८६ साली ड्यूपाँटने डाग न धरणारे स्टेनमास्टर कार्पेट बाजारात आणले आणि तेव्हापासून अशा कार्पेटांची चढाओढ लागली. अशा प्रक्रियांमध्ये वापरली गेलेली पीएफएएस गटातली काही रसायने निसर्गात जवळजवळ नष्ट होत नाहीत. स्कॉचगार्ड बनवणाऱ्या थ्री एम कंपनीने २००० साली त्यातल्या एका कुळाचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. होम डेपो आणि लोज या दुकानांनी २०१९ साली अशी कार्पेटे आणि गालिचे खरेदी करणे बंद करण्याचे ठरवले. जॉर्डन लेकच्या पाण्यातही ही रसायने आढळलेली आहेत. कार्पेट घेताना विक्रेता वरून जास्तीच्या संरक्षक थराचे पैसे मागतो, त्याला नम्रपणे नको म्हणावे. जेवणाच्या टेबलाखाली धुता येणारी चटई त्याहून स्वस्त पडते.

दिसतो तो डाग, न दिसते ती धूळ

येथे एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते, कारण ती थेट आपल्या घरांविषयी आहे. नॉर्थ कॅरोलायनात ज्या मुलांच्या रक्तात शिसे जास्त आढळले, त्यांच्या घरांतून २०११ ते २०१८ या काळात मसाले, घरगुती औषधे आणि पूजेची चूर्णे यांचे नमुने तपासले गेले. त्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक नमुन्यांत किलोमागे एक मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे निघाले. २०१८ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. रंग खुलवण्यासाठी हळदीत शिशाचा पिवळा रंग मिसळण्याची भेसळ भारतीय उपखंडात आढळलेली आहे. शेंदरासारख्या पदार्थात तर शिसे असू शकतेच.

याचा कार्पेटशी संबंध असा की, रांगणारे मूल कार्पेटवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. आपण पिवळा डाग दिसतो म्हणून तासभर घासतो, पण सांडलेल्या चूर्णाची धूळ तंतूंत तशीच राहते आणि तिच्याकडे आपले लक्ष नसते. मसाला, कुंकू, शेंदूर सांडला तर झाडूने उडवू नये. हेपा फिल्टर असलेल्या व्हॅक्यूमने ओढून घ्यावे आणि मग ओल्या कपड्याने टिपावे. सुटी हळद, गावाकडून पिशवीत आलेले चूर्ण यांबाबत जरा चिकित्सक असावे. एक-दोन वर्षांचे मूल घरात असेल, तर डॉक्टरांकडे रक्तातल्या शिशाची तपासणी आपणहून मागावी. दाराशी चपला काढण्याची आपली पद्धत मात्र जरूर चालू ठेवावी. बाहेरची शिसेयुक्त माती घरात येऊ नये म्हणून येथले तज्ज्ञही आता तेच सांगतात.

तीस दिवसांचा कायदा

आता पैशाकडे वळू. डागाची धास्ती सगळ्यात जास्त असते ती नव्याने आलेल्या, भाड्याच्या अपार्टमेंटात राहणाऱ्या तरुण कुटुंबांना. "घर सोडताना डिपॉझिट कापतील" या भीतीने शेवटच्या आठवड्यात उग्र रसायनांचा मारा होतो आणि साध्या डागाचे खरोखरच्या नुकसानात रूपांतर होते. म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहावे.

नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्याच्या ४२व्या प्रकरणात ५० ते ५६ ही कलमे भाडेकरूच्या अनामत रकमेविषयी आहेत. महिन्यापेक्षा जास्त मुदतीच्या करारावर दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक डिपॉझिट घेता येत नाही. घर सोडल्यापासून ३० दिवसांच्या आत मालकाने उरलेली रक्कम आणि कापलेल्या रकमेचा बाबवार लेखी हिशेब द्यावा लागतो. नुकसानीचा आकडा तेवढ्यात ठरत नसेल, तर ३० दिवसांत अंतरिम आणि ६० दिवसांत अंतिम हिशेब द्यायचा असतो. आणि मुख्य म्हणजे, नेहमीच्या वापराने होणाऱ्या झिजेबद्दल डिपॉझिटमधून पैसे कापता येत नाहीत. चालण्याच्या वाटेवर दबलेले तंतू आणि उन्हाने फिकट झालेला रंग ही झीज आहे. लोणच्याची बरणी फुटून झालेला हातभर डाग मात्र झीज नव्हे, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे.

पण नुकसान मान्य केले, तरी सबंध नव्या कार्पेटची किंमत देणे लागतो असे नाही. घर भाड्याने देणाऱ्यांना केंद्र सरकारचे प्राप्तिकर खाते आपल्या ५२७ क्रमांकाच्या प्रकाशनात कार्पेटचा घसारा पाच वर्षांत लिहून टाकायला सांगते. राज्याच्या कायद्यात असे वर्षांचे कोष्टक दिलेले नाही, तरी वाद घालताना हा आधार चांगला आहे. समजा, १,५०० डॉलरचे कार्पेट चार वर्षांचे झाले आहे. पाच वर्षांच्या हिशेबाने त्याची ३०० डॉलर किंमत उरली. मग मालकाने १,५०० मागितले, तर "कार्पेट कोणत्या साली टाकले?" हा एक प्रश्न लेखी विचारावा. शांतपणे विचारलेल्या या प्रश्नाने आकडा खाली येण्याची शक्यता पुष्कळ असते.

यासाठी तयारी आधीपासून हवी. घरात शिरण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत, जुने डाग यादीत लिहून मालकाची सही घ्यावी, सोडतानाही तसेच फोटो काढावेत आणि नवा पत्ता लेखी कळवावा. दाद मागायची वेळ आलीच, तर वेक काउंटीत १० हजार डॉलरपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये मॅजिस्ट्रेटपुढे चालतात आणि वकील असलाच पाहिजे असे नाही. आपल्यापैकी अनेकजण व्हिसाच्या विचाराने "नको ती भानगड" म्हणून गप्प बसतात. आपले हक्काचे पैसे मागणे ही भानगड नव्हे, आणि भाडेकरूचे हे हक्क व्हिसा पाहून दिलेले नाहीत.

स्वच्छता हवी, धास्ती नको

यावर काहीजण म्हणतील की, अशाने लोक आळशी होतील, घर स्वच्छ राखणे हा आपला संस्कार आहे. तो आहेच. मी डाग तसाच ठेवा म्हणत नाही. पहिल्या पाच मिनिटांत टिपा, साध्या वस्तू क्रमाने वापरा आणि मग थांबा, एवढेच म्हणतो. थांबणे हेच आपल्याला जड जाते. नव्वद टक्के डाग गेला असला, तरी उरलेल्या दहा टक्क्यांसाठी आपण अशी औषधे आणतो, जी मुलाच्या श्वासात जातात.

आणि एक किंमत अशी आहे की, ती कोणत्याही हिशेबात येत नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली आई मुलाच्या घरात कार्पेटच्या भीतीने सिंकजवळ उभी राहून चहा पिते. सून काही बोललेली नसते, पण मागच्या वेळी कप कलंडला तेव्हाची धावपळ तिने पाहिलेली असते. आजोबा नातवाला मांडीवर घेऊन वरणभात भरवायला धजत नाहीत. नव्या मित्रांना जेवायला बोलवताना यजमान मनात म्हणतो, पिझ्झाच मागवू, रस्सा नको. कॅरीसारख्या गावात, जिथे शेजारी ओळखीचा व्हायला वर्ष लागते, तिथे एकमेकांकडे जेवायला जाणे हीच आपली खरी ठेव आहे. ती एका फिकट पिवळ्या ठिपक्यापायी मोडू नये.

मंडळाच्या नवागतांसाठीच्या माहितीपत्रकात शाळा, डॉक्टर आणि वाणसामानाची दुकाने यांची यादी असते. तिच्यात डिपॉझिटचा कायदा, पॉयझन कंट्रोलचा क्रमांक आणि हळदीच्या डागाचा हा क्रम यांची एक पानभर भर घालावी, अशी माझी कार्यकारिणीला सूचना आहे. तोपर्यंत वाचकांनी हे पान कापून सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावे. दिवाळीचा फराळ जवळ आला की ते उपयोगी पडेल.